चुना आणि पाडकामातल्या विटांची भुकटी: २८ दिवसांचे ठोकळे नापास, विषय बदलू का?

कच्ची_वीट

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय.

एम.टेक.चं दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे पाडकामातून निघालेल्या विटांची भुकटी चुन्याच्या मालात, म्हणजे विटा सांधायच्या मिश्रणात, वापरणं. विषय मीच हट्टाने घेतला, त्यामुळे आता रडायचीही सोय नाही.

काय केलं ते सगळं सांगतो. चुना पिशवीतला, कोरडी पूड. वाळू धुतलेली. विटा एका पाडलेल्या इमारतीच्या ढिगातून आणल्या, प्रयोगशाळेतल्या जॉ क्रशरमधून काढल्या आणि ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून जे खाली पडलं ते घेतलं. प्रमाण १:३, म्हणजे एक मग चुना, तीन मग वाळू. दुसऱ्या गटात एक मग वाळू कमी करून तिच्या जागी भुकटी. ५० मिमीचे ठोकळे. तिसऱ्या दिवशी साचे खोलले आणि सिमेंटचे ठोकळे ज्या टाकीत टाकतो तिच्यातच सोडले. नुसत्या चुन्याच्या ठोकळ्यांचा दोन दिवसांत चिखल झाला, टाकी गढूळ केली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. भुकटीवाले टिकले. २८ दिवसांनी दाबले, सरासरी ०.८ एमपीए (मेगापास्कल). ज्या शोधनिबंधावरून प्रमाण उचललं त्यात याच १:३ ला कितीतरी जास्त ताकद दिलीय.

शिवाय भुकटीवाल्या तीन ठोकळ्यांवर पंधराव्या दिवसापासून जाळीसारख्या बारीक भेगा दिसायला लागल्या, कोपरे फुगले, आणि बाहेर काढून ठेवल्यावर पांढरा क्षार फुटला. बाकीच्यांना यातलं काही नाही. सगळे एकाच दिवशी, एकाच घमेल्यातून भरलेले!

गाईड म्हणतात, "०.८ ला यंत्राचा काटासुद्धा धड हलत नाही. फ्लाय ॲशवर ये, सहा महिन्यांत मोकळा होशील." त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही. पण विषय सोडवतही नाही. काय करू?

---

थापी

मी शिकलेला इंजिनिअर नाही, बांधकामावर वाढलेला माणूस आहे. पण ०.८ ऐकून घाबरायचं काय कारण? तीन मीटर उंच विटांची भिंत घ्या. घनमीटरला १८०० किलो धरलं तर तळाच्या थरावर तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब येतो ०.०५ एमपीएच्या आसपास. तुमचा नापास ठोकळा त्याच्या पंधरापट झेलतोय. वर मजला आला, छप्पर आलं, भूकंप आला की हिशेब बदलतो, मान्य. पण सांध्यातल्या मालाला काँक्रीटच्या खांबाचे मार्क कशाला मागायचे?

---

बिनदिक्कत

सोपं आहे. दहा टक्के सिमेंट टाक, आकडा येईल, डिग्री घे, पुढे जा. नंतर पर्यावरण वाचव.

---

निवळी

विषय बदलू नका. तुमच्या प्रबंधातला सगळ्यात चांगला प्रयोग तुमच्या हातून चुकून झालाय आणि तुम्ही तो टाकी घाण केल्याच्या बोलणीत गुंडाळून टाकलात. पुन्हा वाचा स्वतःचंच वाक्य: नुसत्या चुन्याचे ठोकळे पाण्यात चिखल झाले, भुकटीवाले टिकले.

नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. पाण्याखाली तो मिळत नाही, मग चिखल होणार नाही तर काय? भुकटीवाले टिकले याचा अर्थ तिथे हवेवाचून दुसरी गोष्ट चालली होती. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना ओलाव्यात चुन्याला धरत होती. म्हणजे तुमच्या भुकटीत जीव आहे. थोडा आहे, पण आहे.

जॉन स्मीटनने एडिस्टनचं दीपगृह बांधायला घेतलं (१७५६ ते १७५९) तेव्हा त्याने नेमकं हेच केलं. वेगवेगळ्या चुन्यांच्या मालाचे गोळे वळले, पाण्यात टाकले आणि कोणता विरघळतो, कोणता धरतो ते बघत बसला. मग चुनखडी नत्राम्लात विरघळवून तळाशी काय उरतं ते पाहिलं. जिच्यात चिकणमाती उरली तिचा चुना पाण्याखाली घट्ट होत होता. त्याच्याकडे दाबयंत्र नव्हतं. गाईडही नव्हता.

आता चुका. आहेतच, आणि मुळाशी एकच आहे: तुम्ही चुन्याला सिमेंटच्या वेळापत्रकात कोंबलंत.

पहिली गोष्ट तो मग. कोरड्या चुन्याचा एक लिटर जेमतेम अर्धा किलो भरतो, वाळूचा दीड किलोच्या वर. तुमचं मगाचं १:३ वजनावर घातलं तर १:९ च्या आसपास जातं. त्या निबंधातलं प्रमाण वजनाचं आहे का बघा. असलं तर त्यांच्या मालात तुमच्या तिप्पट चुना आहे आणि तुम्ही दोन निरनिराळ्या पदार्थांची तुलना करताय. जुन्या ग्रंथांतली प्रमाणं मापाची असतात. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस खाणीतल्या वाळूला १:३ सांगतो, नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूला १:२, आणि या दुसऱ्या वाळूत कुटून चाळलेली भाजकी वीट तिसरा हिस्सा घातली तर माल सुधारतो असंही लिहून ठेवतो. म्हणजे तुमच्या विषयाला दोन हजार वर्षांचा वशिला आहे. तुम्ही मात्र वजन करा आणि प्रबंधात दोन्ही प्रमाणं द्या, चुन्याची आणि वाळूची मोकळी घनता लिहून. पुढच्या मुलांचे सहा महिने वाचतील.

दुसरी गोष्ट टाकी. पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू सरकतो, त्यामुळे बुडवलेला ठोकळा आतून तसाच कच्चा राहतो. अगदी कोरड्या खोलीतही हे काम अडतं, कारण वायू आधी पाण्याच्या पातळ थरात विरघळावा लागतो. सुरखीला, म्हणजे विटेच्या बारीक भुकटीला, ओल हवी, चुन्याला हवा हवी. म्हणून साच्यात पाच ते सात दिवस ओल्या फडक्याखाली, मग काही आठवडे दमट पेटीत, आणि नंतर ६० ते ६५ टक्के आर्द्रतेत फळीवर, दोन ठोकळ्यांत बोटभर अंतर ठेवून. आणि २८ दिवसांवर थांबू नका. ५६, ९०, १८० हे दिवस आताच वहीत लिहा आणि तेवढे ठोकळे आताच भरा. नंतर भरलेला ठोकळा मागच्या तारखेचा करता येत नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे भुकटी. ६०० मायक्रॉनची भुकटी ही सुरखी नव्हे, ती तांबडी वाळू आहे. १९९० च्या दशकात इंग्लिश हेरिटेज, इक्रोम (वारसा जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि बोर्नमथ विद्यापीठ यांनी मिळून चुन्याच्या मालावर एक मोठा प्रकल्प केला, त्याला नावही स्मीटनचंच दिलं होतं. त्यातून हेच निघालं की कमी भाजलेल्या विटेची ७५ मायक्रॉनखालची भुकटी चुन्याशी जुळते, आणि ३०० मायक्रॉनच्या वरचा कण नुसता सच्छिद्र वाळूसारखा वागतो. तोही अगदी निरुपयोगी नाही, ओल आणि हवा धरतो, पण तो वाळूच्या खात्यात मोजा. बॉल मिल मिळवा. नसेल तर जे आहे त्यातूनच ७५ ची चाळणी काढा, हात भरून येतील तरी काढा.

जाता जाता बिनदिक्कत यांना: त्याच प्रकल्पात असंही दिसलं की चुन्याच्या मालात चिमूटभर सिमेंट घालणं बहुतेक वेळा घातकच ठरतं. बारीक छिद्रं सिमेंट बुजवतं, चुन्याचं हवेवरचं काम अडतं आणि माल टिकाऊपणात मार खातो. आकडा येईल हो, पण चुन्यावरच्या प्रबंधात तो सिमेंटचा आकडा असेल.

माझी फजिती सांगते, म्हणजे पुढची गोष्ट पटेल. प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षी मी ढिगातून निवडून निवडून विटा उचलल्या. गडद, टणक, एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजणाऱ्या. चांगली वीट म्हणजे चांगली भुकटी, एवढंच मला कळत होतं. ४८ ठोकळे, सहा महिने, आणि सुरखीचा गुण शून्य. विटेची माती साधारण ६०० ते ९०० अंशांत भाजली की तिची मूळ रचना मोडते आणि ती चुन्याशी जुळायला मोकळी होते. त्याच्या वर जास्त भाजली की नवे स्फटिक जमतात, काच होते आणि ती पुन्हा मिटते. म्हणजे भिंतीला जी वीट गवंडी बाजूला टाकेल, फिकट, मऊ, भद्द आवाज करणारी, तीच सुरखीला हवी. मी बाजूला टाकलेला ढीग नेमका तोच होता. तो तोवर कुणीतरी भरावाला नेला.

तुमच्या ढिगात दोन्ही तऱ्हेच्या विटा असणार. वेगळ्या करा, वेगळ्या दळा.

राहिले ते फुगलेले कोपरे. विटांना चिकटलेला जिप्समचा गिलावा होता का हो?

---

कच्ची_वीट

सर, तुम्ही तीन वेळा वाचायला लावलंत. निबंध उघडून बघितला. प्रमाण वजनाचंच आहे. पान चारवर, कोष्टकाखाली, मुंगीच्या अक्षरात.

गिलाव्याचं: हो. काही विटांच्या एका अंगाला पांढरा गुळगुळीत थर होता, नखाने उकरला जात होता. मी तो चुन्याचा समजलो, चुन्यात चुना म्हणून तसाच दळला. आणि कबूल करतो, चुन्याची पिशवी आधीच्या बॅचची, तोंड बांधलेलं नव्हतं.

आता भीत भीत दोन गोष्टी विचारतो. २०२३ मध्ये एमआयटीच्या लोकांनी रोमन काँक्रीटवर काम केलं, त्यात कळीचा (न विरवलेला) चुना गरम गरम मिसळल्याने मालात चुन्याचे गोळे राहतात आणि पुढे भेगा पडल्या की तेच विरघळून भेगा भरतात, असं आहे. तेही घेऊ का प्रबंधात? आणि प्रस्तावनेत मी लिहिलंय की चुना बनताना सुटलेला सगळा कार्बन तो घट्ट होताना परत घेतो, म्हणून चुना कार्बनमुक्त. हे चालेल ना?

---

निवळी

सर नाही, ताई म्हणा.

जिप्सम सापडला तर. जिप्सममधलं सल्फेट, विटेतली ॲल्युमिना आणि चुना ओलाव्यात एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढतात, जागा जास्त मागतात आणि ठोकळा आतून उचकटतात. एकाच घमेल्यातले तीनच ठोकळे फुगले, कारण ज्यांच्या वाट्याला तो गिलावा गेला तेच फुगले. घमेल्यातला माल एकजीव नव्हता, एवढंच. तपासायला सोपं आहे: भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा, गाळा, गाळलेल्या पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइडचे थेंब. पांढरा साका बसला की सल्फेट आहे. किती आहे ते नंतर वजनावर काढा. पाडकामाच्या मालात हाच खरा शत्रू आहे आणि तो ढिगात गेल्यावर निवडता येत नाही, भिंतीवर असतानाच खरवडावा लागतो. यावर एक प्रकरण होईल, माझं ऐका.

उघड्या पिशवीचं: चमचाभर चुन्यावर पातळ आम्ल टाका. ताजा चुना जवळपास गप्प बसतो. फसफसला की तो पिशवीतच पुन्हा चुनखडी व्हायला लागलाय. टीजीए (नमुना तापवत नेऊन वजनातली घट मोजणं) करायला मिळालं तर उत्तमच. ४०० ते ५०० अंशांदरम्यानची घट चुन्याच्या पाण्याची, ६५० च्या पुढची कार्बोनेटची. किती चुना जिवंत आहे तो आकडा हातात येतो.

भुकटीत दम किती हे ९० दिवस थांबल्याशिवाय कळण्याची एक जुनी युक्ती आहे. चुन्याची संपृक्त निवळी २०० मिली, ४० अंशांवर, तिची विद्युतवाहकता मोजा. ५ ग्रॅम भुकटी टाका, ढवळत राहा, दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा जितका उतरला तितका चुना भुकटीने ओढला. फक्त जिप्सम असलेल्या भुकटीवर हे करू नका, क्षार विरघळून वाहकता वाढवतात आणि चांगली भुकटीसुद्धा मेल्यासारखी दिसते. (माझं इथलं नाव या चाचणीवरून आहे, बाकी काही गूढ नाही.)

गरम मिसळणं: वाचा, संदर्भात घ्या, प्रयोगात घेऊ नका. काम चांगलं आहे, पण तो स्वतंत्र प्रबंध आहे. तुमच्याकडे आधीच भाजणीचा फरक, बारीकपणाचा फरक, जिप्समचा फरक असे तीन बदलते घटक झालेत. शिवाय कळीचा चुना पाण्यात पडला की उकळून उडतो. मी एकदा चष्मा आहे म्हणून गॉगल न लावता वाकले होते. चष्म्याच्या वरून एक थेंब आला. निवळीचा पीएच १२.४ असतो. नळाखाली अर्धा तास डोळा धरून उभी होते, आणि पुढचे दहा दिवस मला दिव्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही कोरडी पूड वापरत असलात तरी गॉगल लावा. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

कार्बनच्या वाक्यावर बोलणारी दुसरी माणसं इथे आहेत, ती येतीलच.

---

हिशेबनीस

आलो. ते वाक्य खोडा.

१०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडतो. पाणी घालून विरवला की ७४ किलो. म्हणजे विरलेल्या चुन्याच्या किलोमागे नुसत्या दगडातून निघालेला वायू साधारण ०.६ किलो. सिमेंटच्या क्लिंकरला (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) हाच आकडा किलोला अर्ध्या किलोच्या थोडा वर. वाचलंत? किलोला किलो लावलं तर चुना या बाबतीत सिमेंटपेक्षा स्वच्छ नाही. "चुन्याची भट्टी ९०० अंशांची, सिमेंटची १४५० ची" हे खरं आहे, त्याने इंधन वाचतं. पण जे जळलं त्याचा धूर ठोकळा परत घेत नाही. तो घेतो फक्त दगडातला, तोही जिथवर हवा पोचली तिथवरच, आणि त्याला वर्षं लागतात. तुमच्या मालात तर काही चुना सुरखीशी बांधला जाणार. तेवढा तरी लगेच हवेकडे हात पसरणार नाही.

मग फायदा कुठे? एक, मालाच्या घनमीटरला चुना कमी लागतो आणि घट्ट होण्याचं काही काम तुम्ही आधीच भाजून झालेल्या विटेवर ढकलताय. त्या विटेचं इंधन एकदा जळून गेलंय. हीच रसायनाची कल्पना मोठ्या प्रमाणावर एलसी-३ सिमेंटमध्ये आहे: निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. लोझानच्या ईपीएफएलमधल्या कॅरन स्क्रिव्हनर, क्यूबा आणि भारतातले संशोधक यांनी मिळून ते उभं केलं, आणि नेहमीच्या सिमेंटच्या तुलनेत उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. बिनदिक्कत, जगाला सिमेंट लागणारच, पण ते सिमेंटही तुमच्या सुरखीच्या गावाला चाललंय.

दोन, आणि हा मुद्दा प्रबंधांत कुणी घेत नाही: चुन्यात बांधलेली भिंत पाडली की वीट साबूत निघते. माल विटेपेक्षा मऊ असतो, खरवडला की सुटतो. सिमेंटात बांधलेली वीट मालाआधी फुटते. वीट अख्खी परत वापरणं हे तिची भुकटी करण्यापेक्षा केव्हाही भारी. ०.८ एमपीएकडे जरा या बाजूनेही बघा. गाईडना ही बाजू दाखवा.

---

डबर

काँक्रीटवाला आहे, पण पाडकामाचा ढीग हा माझाही विषय म्हणून दोन शब्द.

ढिगाला "पुनर्वापरित साहित्य" हे एकच नाव दिलं की घात होतो. तो एक पदार्थ नाहीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन शहरांतल्या विटांच्या ढिगाऱ्याची खडी करून काँक्रीट ओतलं गेलं, त्यांनाही हाच धडा मिळाला होता: ढिगात जिप्सम किती ते आधी बघा. आमच्याकडे जुन्या काँक्रीटच्या खडीला जुना माल चिकटलेला असतो, तो पाणी पितो. नव्या खडीच्या कितीतरी पट. आधी भिजवून न घेतली तर घोटताना छान सैल वाटणारा माल ओतेपर्यंत दगड होतो. तुमची सुरखीही पाणी पिते. दोन्ही गटांत पाण्याचं प्रमाण सारखं ठेवलं होतंत की सैलपणा? सैलपणा सारखा ठेवा, फ्लो टेबलवर मोजा आणि लागलेलं पाणी नोंदवा.

दुसरं, खडीपेक्षा बारीक भाग हा सगळ्यांचाच नावडता. तो कुठे घालायचा यावर केंब्रिजमध्ये एक हुशारीचं काम झालंय, २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. जुन्या काँक्रीटमधला सिमेंटचा भाग वेगळा करून पोलादाचं भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत चुन्याच्या जागी मळीसाठी (स्लॅगसाठी) टाकायचा. पोलाद शुद्ध होतं आणि वर जी मळी येते ती झटकन गार केली की पुन्हा क्लिंकर. तुमच्या विषयाशी थेट संबंध नाही, पण तोंडी परीक्षेत "पुढे काय" विचारलं तर उपयोगी पडेल.

---

थापी

ताई, एक विचारू? मऊ वीट भद्द वाजते म्हणालात ते पटलं. पण पाडकामावर माणूस हजार विटा वाजवत बसणार नाही.

---

निवळी

नाही बसणार. रंगावरून ढोबळ वाटणी करा, वाजवून फक्त शंकेच्या बघा. रंगही फसवतो, कारण तो मातीतल्या लोहावर जातो, म्हणून एकाच इमारतीच्या विटांपुरतीच ही खूण धरा. ढीग बदलला की पुन्हा वाहकतेची चाचणी.

---

कच्ची_वीट

धागा वर काढतोय. साडेतीन महिने झाले.

विषय बदलला नाही. गाईडना थापीदादांचा भिंतीच्या वजनाचा हिशेब आणि चिखल झालेल्या ठोकळ्यांचा फोटो (सुदैवाने टाकी दाखवून रागावताना प्रयोगशाळेतल्या मामांनीच काढला होता) दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "९० दिवस. त्याच्या पुढे एक दिवस नाही." १८० चे ठोकळे मी न सांगता भरलेत.

नवा चुना, हवाबंद डब्यात. सगळं वजनावर. विटा भिंतीवर असतानाच एक अंग खरवडून आणल्या, फिकट आणि गडद वेगळ्या केल्या, बॉल मिलमध्ये दळून ७५ च्या चाळणीतून काढल्या. फिकट विटेचे ठोकळे २८ दिवसांना १.१, ९० ला २.९ एमपीए. गडद विटेचे ०.९ आणि १.०, म्हणजे तिथेच बसलेत. वाहकतेच्या चाचणीने हा फरक पहिल्याच दिवशी दाखवला होता, मी विश्वास ठेवला नव्हता. जिप्समचा एक गट मुद्दाम केला, खरवडलेला गिलावा मोजून परत घालून. सहाव्या आठवड्यात पहिली भेग.

एक अडचण. काल ९० दिवसांचा फुटलेला ठोकळा घेऊन ताज्या अंगावर फिनॉल्फ्थॅलीन (चुना जिवंत असेल तिथे गुलाबी होणारं द्रावण) मारलं. कडेने सहा-सात मिमी पांढरा, तो भाग कळला. आत नुसत्या चुन्याचा ठोकळा गडद गुलाबी आला, पण फिकट विटेवाल्याचा गुलाबी रंग मधेमधे पुसट आहे, ठिपक्याठिपक्यांनी. हवा एवढ्या आत कशी गेली?

---

निवळी

हवाच गेली असेल असं धरू नका. सुरखीने तिथला चुना खाऊन संपवला तरी रंग पुसट होतो, आणि हे द्रावण फक्त पीएच सांगतं, कारण सांगत नाही. पुसट जागेतलं आणि कडेचं असे दोन नमुने खरवडा आणि दोन्हींचं टीजीए करा. पुसट जागेत चुनाही कमी आणि कार्बोनेटही कमी निघालं तर तो सुरखीचा पराक्रम. कार्बोनेट जास्त निघालं तर घमेल्यात गुठळी किंवा भेग राहिलीय आणि तिथून हवा शिरलीय.

खरवडण्याआधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आजच. रंग उडतो. आणि ज्या अंगावर द्रावण मारलंय तिथला नमुना घेऊ नका, दुसऱ्या अर्ध्या तुकड्यावरून घ्या. तो अजून फेकला नसेल तर.

---

कच्ची_वीट

मामांनी केराच्या डब्यात टाकला होता. मिळाला. सगळे अर्धे तुकडे मिळाले.